कुकने स्कर्व्ही रोखली, पण कशाने रोखली हे त्यालाच कळलं नाही

ब्रिटिश नौदलाचा कप्तान आणि दर्यासंशोधक जेम्स कुक याने स्वतः चालवलेल्या जहाजांवर स्कर्व्ही या रोगाने माणसं दगावली नाहीत. अठराव्या शतकात हे यश अचंबित करणारं होतं आणि त्याबद्दल त्याला मिळालेलं श्रेय वाजवी आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. या यशाचा अहवाल लंडनमध्ये पोहोचला, तिथल्या शहाण्या माणसांनी तो वाचला, त्याला पदक दिलं, आणि त्यातून नेमका चुकीचा उपाय उचलला. नंतरची जवळपास २० वर्षं ब्रिटिश खलाशी ज्या रोगाने मरत राहिले, त्या रोगावरचं खरं औषध कुकच्या जहाजावर बाटल्यांतून आणि पिंपांतून भरलेलं होतं.

सरकारी योजना, औषधोपचार, शिक्षणातले प्रयोग अशा सगळ्याच बाबतींत आपण अपयशाची चौकशी लावतो आणि यशाचा सत्कार करतो. माझं म्हणणं असं, की चौकशीची जास्त गरज यशाला असते. अपयशी योजना आपोआप बंद पडते. यशस्वी योजना मात्र दुसरीकडे राबवली जाते, आणि राबवताना तिच्यातला कुठला भाग कामाचा होता हे माहीत नसेल तर बिनकामाचा भागच नेमका उचलला जाण्याची शक्यता असते. कुकच्या सफरी याचं उत्तम उदाहरण आहेत, कारण तिथे कागदपत्रं भरपूर आहेत आणि खरं उत्तर आज आपल्याला माहीत आहे.

आधी रोग समजून घेऊ. माणसाचं शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. धडधाकट माणसाच्या शरीरात त्याचा साठा साधारण दीड ग्रॅम असतो. आहारातून ते येणं पूर्ण थांबलं तर एक ते तीन महिन्यांत हिरड्या सुजतात, पायांवर काळेनिळे डाग उठतात, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात, दात हलू लागतात आणि शेवटी माणूस उठून उभा राहतानाच कोसळून मरतो. ते टाळायला दिवसाला १० मिलिग्रॅम इतकं किरकोळ प्रमाणही पुरतं. जहाजावरचा शिधा म्हणजे खारवलेलं मांस, वाटाणे, ओट आणि बिस्किटं. त्यात हे १० मिलिग्रॅमही नसत. जॉर्ज अ‍ॅन्सनची १७४० ते १७४४ ची पृथ्वीप्रदक्षिणा यासाठीच कुप्रसिद्ध आहे. सुमारे १९०० माणसं निघाली, त्यांतली १४०० च्या आसपास मेली. शत्रूच्या हातून मेलेले बोटांवर मोजण्याइतके होते. बाकीच्यांना रोगांनी नेलं, आणि त्यांत स्कर्व्ही पहिली.

१७४७ मध्ये ‘सॉल्सबरी’ या जहाजावरचा शल्यचिकित्सक जेम्स लिंड याने १२ रोगी निवडले. सगळ्यांची लक्षणं शक्य तितकी सारखी, राहायची जागा एक, रोजचं जेवण एक. त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची दारू, दुसरीला गंधकाम्लाचे थेंब, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचं पाणी, पाचवीला लसूण-मोहरी वगैरेंचा अवलेह, आणि सहावीला रोज दोन संत्री व एक मोठं पिवळं लिंबू. फळांचा साठा सहा दिवसांत संपला. तोवर त्या जोडीतला एक जण कामावर रुजू झाला होता आणि दुसरा इतरांची शुश्रूषा करू लागला होता. सफरचंदाच्या दारूने थोडा फरक दिसला. बाकीच्यांत सांगण्यासारखं काही नाही.

पण लिंडनेच पुढे घोळ घातला. फळं समुद्रावर टिकत नाहीत म्हणून त्याने रस आटवून ठेवायची रीत सुचवली. रुंद, झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यात रस घ्यायचा, ते उकळत्याच्या बेतात असलेल्या पाण्यावर ठेवायचं आणि काही तासांनी पाक झाला की बाटल्या भरायच्या. उष्णता आणि हवा ही दोन्ही क जीवनसत्त्वाचे शत्रू. ताज्या रसातलं बरंच तिथेच जायचं आणि उरलेलं साठवणीच्या महिन्यांत. हा पाक त्याने रोग्यांच्या जोड्या लावून तपासला नाही. ज्या माणसाने तुलना करून पाहायची पद्धत दाखवली, त्यानेच ती आपल्या पाकाला लावू नये, हे मला या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत चटका लावणारं प्रकरण वाटतं.

दरम्यान डब्लिनच्या डेव्हिड मॅकब्राइडने १७६४ मध्ये एक सिद्धांत मांडला. स्कर्व्ही म्हणजे शरीराचं सडणं. सडताना शरीरातला ‘बद्ध वायू’ निघून जातो. तेव्हा पोटात आंबणारा आणि वायू सोडणारा पदार्थ दिला की ती तूट भरून निघेल. त्याचा उपाय होता माल्टचा काढा. मोड आणून, भट्टीत वाळवून दळलेली बार्ली एक माप घ्यायची, त्यावर तीन मापं उकळतं पाणी ओतायचं, ढवळून तीन-चार तास झाकून ठेवायचं आणि गाळायचं. रोज ताजा करायचा आणि रोग्याने दिवसाला लिटरभर किंवा त्याहून जास्त प्यायचा. बार्लीला मोड येतात तेव्हा तिच्यात क जीवनसत्त्व असतं, पण भट्टीत ते जळून जातं. काढ्यात गोडवा असे, थोडी ताकद येत असे, स्कर्व्हीवर उपयोग शून्य. मात्र माल्ट इंग्लंडातच होत असे, स्वस्त होतं, कोरडं असल्याने टिकत असे. लिंबं भूमध्य समुद्राच्या बाजूने विकत आणावी लागत. कोठारात सहज भरता येईल तो उपाय कोठार सांभाळणाऱ्याला पटकन पटतो, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे.

‘एंडेव्हर’ हे मूळचं कोळसा वाहणारं, रुंद पोटाचं, ३६८ टनांचं जहाज. २६ ऑगस्ट १७६८ रोजी ते ९४ माणसं घेऊन प्लिमथहून निघालं. जाहीर काम होतं ३ जून १७६९ चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना, प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावरून पाहण्याचं. सोबत दक्षिण खंड शोधण्याच्या गुप्त सूचना. नौदलाने स्कर्व्हीविरुद्ध जे जे सुचलं ते सगळं जहाजावर चढवलं होतं: माल्ट, सुकवलेल्या सुपाच्या वड्या, साडेतीन टनांच्या घरात आंबवलेला कोबी, लिंबू-संत्र्याचा आटवलेला पाक. कुकने त्यात आपली शिस्त घातली. दोनऐवजी तीन पाळ्या लावल्या म्हणजे माणसांना सलग झोप मिळेल. कपडे आणि बिछाने वाळवणं, खालच्या मजल्यावर शेगड्या पेटवून ओल घालवणं, तांब्याच्या कढयांत मांस उकळताना वर येणारी चरबी खायला बंदी, आणि जमीन दिसली की ताजं मांस आणि पाला. मदेइरात ताजं गोमांस घ्यायला नकार देणाऱ्या एका खलाशाला आणि एका नौसैनिकाला प्रत्येकी १२ फटके मारण्यात आले. कोबीच्या बाबतीत मात्र त्याने चाबूक वापरला नाही. रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर कोबी वाढायचा आणि खलाशांना म्हणायचं, हवा तर घ्या, नको तर राहू द्या. आठवडाभरातच मागणी इतकी वाढली की प्रत्येकाचं माप ठरवावं लागलं. टिएरा डेल फ्यूगो आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवर रानटी सेलरी आणि स्कर्व्ही-ग्रास म्हणून ओळखला जाणारा पाला तोडून आणायचा, सुपाच्या वड्या आणि ओटमध्ये शिजवायचा आणि सकाळच्या न्याहारीलाच वाढायचा, असा त्याचा नियम होता.

आता यातून काय काम करत होतं? हिशेब करून पाहता येतो. कुकच्या सांगण्याप्रमाणे कोबी समुद्रावर दर माणशी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी एक पौंड मिळे. म्हणजे दिवसाला सरासरी १३० ग्रॅम. पिंपात महिनोन्‌महिने राहिलेल्या कोबीत १०० ग्रॅममागे १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व उरलं असं धरलं, तर रोजचे १३ मिलिग्रॅम झाले. काठावरचं, पण पुरेसं. त्यात अधूनमधून हिरवा पाला मिळाला की शरीराचा साठा पुन्हा भरायचा. शिस्तीने क जीवनसत्त्व मिळत नाही. पण शिस्त नसती तर कोबी पिंपातच राहिला असता. काढा या हिशेबात कुठेच बसत नाही.

आणि याचा पुरावा त्याच जहाजावर होता. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स हा रोज संध्याकाळी काढा पीत असे, तरीही एप्रिल १७६९ च्या सुमारास, ताहितीला पोहोचण्याआधी, त्याच्या हिरड्या सुजल्या आणि तोंडात पुरळ उठलं. मग त्याने सोबत आणलेला, ब्रँडी घालून टिकवलेला लिंबाचा रस सुरू केला, दिवसाला जवळजवळ सहा औंस. आठवड्याच्या आत हिरड्या घट्ट झाल्या. हे सगळं त्याने रोजनिशीत नीट लिहून ठेवलं आहे. पुढे १७७० मध्ये ताहितीहून सोबत आलेल्या तुपाइयाला स्कर्व्हीची लक्षणं दिसली, तेव्हा जहाजाच्या शल्यचिकित्सकाने त्याला लिंबाचा अर्क द्यायला लगेच सुरुवात केली. म्हणजे माणूस खरोखर आजारी पडला की हात लिंबाकडे जात होता, आणि अहवालात नाव काढ्याचं येत होतं.

त्या अहवालाकडे जरा थांबून पाहिलं पाहिजे. मूळ शल्यचिकित्सक बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, हिवतापाच्या आणि आमांशाच्या साथीत मेला (बटाव्हिया आणि त्यानंतरच्या प्रवासात जहाजाने ३० च्या आसपास माणसं गमावली, हे ‘एकही बळी नाही’ म्हणणाऱ्यांनी विसरू नये). त्याच्या जागी आलेल्या विल्यम पेरीने १७७१ मध्ये लिहिलं, त्याचा आशय असा: प्रतिबंधक उपाय इतके वापरले की त्यांतल्या कशाने आम्ही वाचलो हे सांगणं अशक्य आहे. इथे थांबला असता तर तो इतिहासात शहाणा ठरला असता. पण पुढच्याच दमात तो म्हणतो, की काढ्याचा मला दिसलेला परिणाम आणि मॅकब्राइडचा युक्तिवाद पाहता माल्ट हेच सर्वोत्तम औषध, लिंबू-संत्र्याचा पाकही त्याच्याखाली. पुरावा नाही हे कबूल करून सिद्धांताच्या बळावर निकाल देणं याचा इतका स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही.

चूक कुठे होत होती, ती जागा अगदी साधी आहे. पहिली लक्षणं दिसली की काढा सुरू व्हायचा. काही दिवसांत किंवा आठवड्यांत जहाज कुठल्यातरी किनाऱ्याला लागायचं, पाला मिळायचा, माणूस बरा व्हायचा. औषध आधी सुरू झालेलं असल्याने श्रेय त्याला. आटवलेल्या पाकाचं उलट झालं. तो खरोखरच निकामी झालेला असल्याने त्याचा उपयोग दिसला नाही, आणि त्याच्या बदनामीने ताज्या रसाचंही नाव खराब केलं.

दुसऱ्या सफरीत नशिबाने तुलनेची संधीच समोर ठेवली होती. ‘रेझोल्यूशन’ आणि ‘अ‍ॅडव्हेंचर’ ही दोन जहाजं १७७२ मध्ये निघाली, कोठारातला माल सारखा, माल्ट दोन्हींवर. फेब्रुवारी १७७३ मध्ये धुक्यात त्यांची ताटातूट झाली. कुकचं जहाज, म्हणजे ‘रेझोल्यूशन’, आफ्रिकेच्या टोकाच्या केपपासून ११७ दिवस जमीन न पाहता न्यूझीलंडच्या डस्की साउंडला पोहोचलं, तेव्हा स्कर्व्हीने नीट पछाडलेला एकच माणूस होता. कुकने याचं श्रेय काढ्याला आणि जहाज हवेशीर ठेवण्याला दिलं. ‘अ‍ॅडव्हेंचर’ तोवर न्यूझीलंडच्याच क्वीन शार्लट साउंडमध्ये जाऊन राहिलं. मे महिन्यात कुक तिथे पोचला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः बोट घेऊन पाला शोधायला गेला. दोन्ही जहाजं जूनमध्ये एकत्र निघाली. जुलै संपता संपता ‘अ‍ॅडव्हेंचर’चा आचारी मेला आणि २० च्या आसपास माणसं स्कर्व्हीने व हगवणीने आडवी झाली होती. ‘रेझोल्यूशन’वर आजारी तीन, त्यांत स्कर्व्हीचा एक.

समुद्र तोच, महिने तेच, माल्ट तेच. मग फरक कशाचा? कुकने स्वतः दिलेलं उत्तर जवळपास बरोबर आहे: त्या लोकांनी क्वीन शार्लट साउंडमध्ये पाला फारसा खाल्लाच नाही, काही अंशी कुठला खायचा हे न कळल्याने आणि काही अंशी नव्या अन्नाला नाक मुरडल्याने, खलाशांना नवं खायला लावायचं तर कप्तानाचं उदाहरण आणि अधिकार दोन्ही लागतात. हे लिहिणारा माणूस दोन पावलं पुढे गेला असता तर काढा दोन्हीकडे असून एकीकडे रोग का, हा प्रश्न त्याने विचारला असता. तो विचारला गेला नाही. मार्च १७७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष जॉन प्रिंगल यांना लिहिलेल्या पत्रात कुकने काढ्याला समुद्रावरच्या उत्तम स्कर्व्हीविरोधी औषधांत बसवलं. बळावलेला रोग काढ्याने बरा होईल असं आपल्याला वाटत नाही, हेही प्रामाणिकपणे जोडलं. फळांच्या पाकाबद्दल मात्र त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. महागही पडतो, असा शेरा.

प्रिंगल हे स्वतः सडण्याच्या सिद्धांताचे पुरस्कर्ते. तीन वर्षं आणि १८ दिवसांची सफर, ११८ माणसं, आजाराने मेलेला एक: हे आकडे त्यांच्या हाती पडले आणि त्यांनी त्यांत आपला सिद्धांत वाचला. सोसायटीचं त्या वर्षीचं कॉप्ली पदक कुकला जाहीर झालं तेव्हा तो तिसऱ्या सफरीवर निघून गेलेला होता. पुढच्या युद्धात नौदलाच्या जहाजांवर माल्ट जात राहिलं आणि हॅसलरच्या नौदल रुग्णालयात १७८० या एका वर्षात स्कर्व्हीचे १४५७ रोगी दाखल झाले.

उशीर एकट्या कुकमुळे झाला असं मी म्हणत नाही. लिंडचा पाक, मॅकब्राइडचा सिद्धांत, नौदलाची काटकसर यांचा वाटा मोठा आहे. कुकची बाजूही भक्कम आहे: तो वैद्य नव्हता, माणसं जिवंत परत आणणं हे त्याचं काम, आणि ज्याला माणसं वाचवायची आहेत त्याने हाताशी असलेले सगळे उपाय एकदम करावेत हेच बरोबर. दुखण्याला सात वैद्यांची सात औषधं एकदम घेऊन बरं झालेल्या माणसाला दोष कोण देईल? पण त्याला विचारून औषधालय काढणाऱ्याला दोष नक्की देता येतो. नौदलाने माल्टची ‘चाचणी’ म्हणूनच ते जहाजावर दिलं होतं आणि चाचणीची अटच पाळली गेली नाही. दोन जहाजं होती. एकावर माल्ट आणि दुसऱ्यावर ब्रँडीतला लिंबाचा रस, बाकी सगळं दोन्हीकडे सारखं, एवढं करायला नवं शास्त्र लागत नव्हतं. लिंडने ते एका जहाजावर १२ माणसांत केलं होतं.

खरा निकाल अखेर हिंदुस्थानच्या वाटेवर लागला. १७९४ मध्ये ‘सफोक’ हे जहाज इंग्लंडहून मद्रासला निघालं. वाटेत २३ आठवडे किनाऱ्याशी संबंध नाही, म्हणजे पाल्याचा गोंधळच नाही. प्रत्येक माणसाला रोज दोन-तृतीयांश औंस लिंबाचा रस, साखर घालून, दारूच्या वाटपातच मिसळलेला. त्यामुळे तो चुकवायची सोयही नाही. २० मिलिलिटरच्या आसपासच्या या रसात ८ ते १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व येतं, म्हणजे पुन्हा काठावरचंच. जहाज मद्रासला पोहोचलं तेव्हा स्कर्व्हीचा रोगी एकही नव्हता. १७९५ मध्ये गिल्बर्ट ब्लेन या वैद्याच्या आग्रहाने अ‍ॅडमिरल्टीने, म्हणजे नौदलाच्या मुख्य कारभारी मंडळाने, लिंबाच्या रसाचा आदेश काढला. १८०६ मध्ये हॅसलरला स्कर्व्हीचे रोगी आले दोन.

एवढ्यावर धडा पक्का झाला असं वाटेल, तर तोही झाला नाही. रस का चालतो हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. आंबटपणामुळे चालतो अशी समजूत होती. १८६० च्या दशकात नौदलाने भूमध्य समुद्राकडची पिवळी लिंबं सोडून आपल्याच वसाहतींतल्या, वेस्ट इंडीजच्या लिंबांचा रस घ्यायला सुरुवात केली. ही जात म्हणजे आपलं कागदी लिंबू: जास्त आंबट, पण क जीवनसत्त्व कमी. त्यात साठवणुकीने आणि तांब्याच्या नळ्यांतून जाण्याने आणखी घट. १८७५ च्या, ब्रिटिश नौदल अधिकारी नेअर्सच्या उत्तर ध्रुव मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उफाळली आणि लिंबावरचाच लोकांचा विश्वास डळमळला. क जीवनसत्त्व वेगळं काढून ओळखायला १९३० चं दशक उजाडावं लागलं.

या प्रकाराला दोन-अडीचशे वर्षं झाली म्हणून तो जुना झाला असं समजू नये. २०२० मध्ये आपल्याकडे कोविडच्या रुग्णांना बरे झालेल्यांचा प्लाझ्मा दिला जात होता. त्याच रुग्णाला ऑक्सिजन, स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी औषधं, पालथं झोपवणं हेही चालू असे. रुग्ण बरा झाला की प्लाझ्माचं नाव व्हायचं, कारण तो मिळवायला नातेवाइकांनी जिवाचं रान केलेलं असे. महाराष्ट्र सरकारने मोठा गाजावाजा करून प्लाझ्मा प्रकल्पही जाहीर केला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मात्र ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर रीतसर तुलना केली. आजार गंभीर होण्याचं किंवा मृत्यूचं एकत्रित प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८ टक्के. निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आला. तरी मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळायला मे २०२१ उजाडला आणि दुसऱ्या लाटेतले एप्रिलचे दिवस रक्तपेढ्यांच्या दारात गेले.

अशा वेळी नेहमी दोन सबबी ऐकू येतात. पहिली, संकटात तुलना करत बसायला वेळ नसतो. आयसीएमआरने ते ४६४ रुग्ण २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात, टाळेबंदीत, साथ चढत असताना नोंदवले. ८४ दिवस लागले. दुसरी, काहींना उपाय न देणं अनैतिक आहे. पण उपाय कामाचा आहे की नाही हेच माहीत नसताना ‘न देणं’ म्हणजे काय? ज्या गावांत किंवा ज्या वॉर्डांत योजना पुढच्या वर्षी जाणारच आहे, ती गावं आणि ते वॉर्ड यंदाच्या तुलनेसाठी आपसूक हाताशी असतात. त्यांची मोजणी पहिल्या दिवसापासून करा, योजनेच्या खर्चातच ती धरा, आणि ‘आम्ही पाच गोष्टी केल्या व सुधारणा झाली’ असा अहवाल आला तर पाचव्यांदा पैसे देण्याआधी एक गोष्ट काढून बघा. अहवाल लिहिणाऱ्याला पेरीचं पहिलं वाक्य लिहायची मुभा द्या, आणि दुसरं वाक्य त्याने लिहिलंच तर त्याखाली सही करणाऱ्याने पुरावा मागावा.